गरम पाण्याची वस्ती

४ सप्टेंबर, बुधवार

ऑफिसच्या वहीत "लाभार्थींचा प्रतिसाद समाधानकारक" एवढंच लिहायचं असतं. तेवढं लिहून माझं समाधान होत नाही, म्हणून ही वेगळी वही. आईला वाटतंय मी घरखर्च मांडतेय. वाटू दे.

आज वस्तीतली शेवटची चूल बसवून झाली. सगळ्या मिळून चाळीस. डोंगराच्या पायथ्याला एकाला एक लागून घरं, घराघरात मातीची जुनी चूल आणि छतापर्यंत काळ्या झालेल्या भिंती. आमची नवी चूल लोखंडी, आटोपशीर, वर धुराडं. निम्म्या सरपणात काम होतं, धूर घराबाहेर जातो, बायांचा खोकला कमी, डोंगरावरची तोड कमी. इतकी गुणी वस्तू मी तरी दुसरी पाहिलेली नाही. माणसात तर नाहीच.

प्रत्येक चुलीच्या अंगाला एक डबी स्क्रूने बसवली आहे. चूल तापली की डबीला कळतं आणि डबीला कळलं की शहरातल्या ऑफिसात कळतं. कोणत्या घरची चूल कधी पेटली, किती वेळ पेटली, सगळं. हे मी समजावून सांगितलं तेव्हा एक बाई म्हणाली, "म्हणजे चहाडखोर आहे की मेली!" सगळ्या खदखदून हसल्या आणि डबीचं नाव पडलं चहाडखोर. ही बाई एकदा सुरू झाली की बंद होत नाही, म्हणून तिला वस्तीत रेडिओ म्हणतात.

बोलण्याच्या भरात मीही सांगून टाकलं की वर्षअखेरपर्यंत बहुतेक चुली रोज पेटत राहिल्या तर योजना पुढे जाईल आणि माझी कंत्राटी नोकरी कायम होईल. नाहीतर मी घरी. "बायांनो, तुमच्या चुलीवर माझी नोकरी शिजतेय, जरा लक्ष ठेवा!" विनोद बरा जमला होता, पण हसलं कुणी नाही. जिच्या ओसरीवर आमची मीटिंग भरते ती थोरली, वयाने आणि आवाजानेही थोरलीच, मला म्हणाली, "घरी कोण कोण असतं तुझ्या?" म्हटलं, आई आणि मी. "कमावतं कोण?" मीच. तिने नुसती मान हलवली आणि चहा टाकायला सांगितलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिल्या आठवड्याचे आकडे आले. चाळीसातल्या नऊ. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. ते रागावत नाहीत, उदास होतात. रागावलेला साहेब परवडतो. काल मीटिंगमध्ये सगळ्या माना डोलावत होत्या, "छान आहे चूल, फार छान" म्हणत होत्या, मग घोडं पेंड खातंय कुठे?

दुपारीच बस पकडून वस्तीवर गेले आणि थोरलीला स्पष्ट सांगितलं. आवाज थोडा कापला माझा, त्याची आता लाज वाटतेय. ती म्हणाली, "बरं. बघते मी."

१९ सप्टेंबर, गुरुवार

अडतीस! चाळीसातल्या अडतीस! सकाळ-संध्याकाळ!

साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "काय जादू केलीत?" मी म्हटलं, पाठपुरावा, साहेब. आईसाठी येताना मऊ चपला घेतल्या. ती म्हणाली, "कशाला उधळपट्टी, अजून कायम कुठे झालीस," पण पायात घालून घरभर फिरली.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज प्रशिक्षणात पुढचा धडा घ्यायचा होता: चुलीची किरकोळ दुरुस्ती. पण बायांनी हट्ट धरला की धुराडं साफ करायचा धडाच पुन्हा घ्या. हा चौथ्यांदा. "नीट ध्यानात राहत नाही हो ताई," रेडिओ म्हणाली. ध्यानात राहत नाही म्हणणाऱ्या या बाईने मागच्या वेळी अख्खा धडा माझी नक्कल करून दाखवला होता, अगदी माझ्या चष्मा वर सरकवण्यासकट. पण शिकण्याची हौस आहे, आपण कोण नाही म्हणणार. घेतला.

एक गोष्ट थोडी लागली. थोरलीची धाकटी जाऊ, तिला सगळे धाकटीच म्हणतात, खांबाला टेकून सरळ झोपून गेली. मी जागं करायला गेले तर थोरलीने माझा हात धरला. "असू दे. मीटिंगला आलीय ना ती?" आता झोपलेल्या बाईला प्रशिक्षण कसं द्यायचं, हे आमच्या पुस्तिकेत नाही.

हजेरी मात्र शंभर टक्के. कुणाच्या हातात निवडायला धान्य नाही, कडेवर पोर नाही. सासवाही अडवत नाहीत, कारण ऑफिसची मीटिंग म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल. मी निघाले तरी बाया उठत नव्हत्या. इतकी गोडी लागलीय विषयाची!

९ ऑक्टोबर, बुधवार

या वस्तीइतकी स्वच्छ वस्ती मी पाहिलेली नाही. कुठल्याही घरी जा, हातपाय धुवायला गरम पाणी तयार. पोरांना भर दुपारी आंघोळी. एक पोरगं मला बघून पळालं आणि ओरडलं, "ही आली की आम्हाला अंघोळ घालतात!" रेडिओच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी तर तक्रारच केली की आयुष्यात धुतलं नाही इतकं अंग या महिन्यात धुऊन झालं, कातडी पातळ झाली.

अहवालात लिहिलं: "स्वच्छतेच्या सवयींत लक्षणीय सुधारणा." साहेबांना इतकं आवडलं की त्याखाली त्यांनी जाड रेघ ओढली.

२३ ऑक्टोबर, बुधवार

घराघरामागे सरपणाच्या राशी केवढ्या वाढल्यात. मागच्या महिन्यात कमरेएवढ्या होत्या, आता माझ्या खांद्याला लागतात. साहजिकच आहे, चूल निम्मं सरपण खाते, उरलेलं साठत जातं. फोटो काढले. या फोटोंसमोर कुणाची काय टाप आहे शंका घ्यायची.

धाकटीच्या तळहाताला फोड आलेत. आमच्या चुलीचं तोंड लहान, लाकूड बारीक ढलप्या करूनच घालावं लागतं, त्याने असेल. म्हटलं, हातमोजे देण्याचा प्रस्ताव पाठवते. ती हसली आणि हात पदराखाली घेतला. गोड मुलगी आहे, लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, पण बोलते मोजकं. घरात माणसं अकरा आणि कामाला ही. थोरली करते काही काही, पण तिची कंबर गेलेली.

६ नोव्हेंबर, बुधवार

धाकटी मीटिंगला नव्हती. काल मोळी घेऊन उतरताना डोंगरावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. मी म्हटलं, "अगं, पण घरामागे एवढी रास आहे, आणखी सरपण आणायला गेलीच कशाला?" कुणी काही बोललं नाही. रेडिओसुद्धा गप्प. तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली आणि मला वाटलं, किती जीव आहे यांचा एकमेकींवर.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज जे पाहिलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

सुट्टी होती म्हणून धाकटीला भेटायला गेले, थोडी फळं घेऊन. न कळवता. पुढचं दार बंद होतं म्हणून मागून, स्वयंपाकघराच्या बाजूने आत शिरले. संध्याकाळ होत आली होती. जुन्या चुलीवर भलं मोठं पातेलं होतं आणि त्यात सगळ्या घराचं जेवण शिजत होतं. धूर असा की डोळे उघडेनात. आणि कोपऱ्यात आमची नवी चूलही पेटलेली, वर तपेल्यात नुसतं पाणी. थोरली मोडकी कंबर धरून पुढ्यात बसली होती आणि कोयत्याने ढलप्या काढून तिच्यात सारत होती.

मला आधी बरं वाटलं! वाटलं, आज दोन्ही चुलींवर काम चाललंय, कुणी पाहुणे यायचे असतील. विचारलं तसं.

थोरली दचकली. धाकटी आतल्या खोलीत पडली होती, तिथून ती म्हणाली, "सांगून टाका जाऊबाई. कितीदा पाणी तापवायचं?"

मग कळलं. आमच्या चुलीचं तोंड एवढंसं. अकरा माणसांचं पातेलं वर ठेवलं की तोंड झाकून जातं, विस्तव गुदमरतो आणि धूर धुराड्याऐवजी घरात येतो. लहान भांड्यात चार वेळा शिजवायला कुणाला वेळ आहे? म्हणून जेवण जुन्या चुलीवर आणि चहाडखोराला दाखवायला नव्या चुलीवर पाणी. रोज, दोन्ही वेळा. थोरलीने त्या गुरुवारी घरोघरी जाऊन सांगितलं होतं की पोरीची नोकरी आहे, आई म्हातारी आहे, पेटवत जा.

परत येताना एकेका घरात डोकावले. सगळीकडे तेच. दोन चुली, एक जेवणाची, एक माझी.

राशी उरलेल्या सरपणाच्या नव्हत्या. दोन चुलींचं सरपण होतं ते. डोंगरावरची तोड आम्ही वाढवली. धूर आम्ही वाढवला. आणि धाकटी पडली त्या मोळीतली लाकडं माझी होती. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का हो तुमचं. मी रडतेय हे तेव्हा मला कळलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज ठरवून गेले होते की सांगायचं, बंद करा हे. ओसरीवर सगळ्या बसल्या, माझ्याकडे बघत. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं.

मी धुराडं साफ करायचा धडा घेतला.

वरच्या खात्याची पाहणी दोन आठवड्यांवर आली आहे. इतके दिवस पेटवलं, आणखी दोन आठवडे पेटवलं तर असं काय बिघडणार आहे, नंतर सांगता येईलच, असं मनाशी म्हणत होते. हे लिहिल्यावर वाचून पाहिलं. भित्रट.

१८ नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी पेढे वाटावेत तशा आनंदात बातमी दिली. आपल्या आकड्यांवर वरचे खूश आहेत. पाहणी ठीक झाली की हीच चूल जिल्ह्यात वीस हजार घरांना. जुनी चूल फोडली तरच नवी मिळेल, अशी अटही घालणार आहेत म्हणे, म्हणजे लोक टाळाटाळ करणार नाहीत.

जुनी चूल फोडली तर अकरा माणसांचं जेवण शिजवायचं कशावर? मी हे मोठ्याने म्हणाले नाही. नुसतं "अरे वा" म्हणाले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं साहेबांना. दार लावून, सगळं, पाण्यासकट.

ते पेनाचं टोपण काढत-घालत होते. मग म्हणाले, "तुम्ही दमला आहात." मी म्हटलं, साहेब, दमल्या त्या आहेत. ते म्हणाले, "हे बघा, चूल पेटतेय की नाही, एवढंच आपल्याला मोजायला सांगितलंय. पेटतेय. वर काय शिजतंय ते मोजायचं कुणी सांगितलंय का?" वाईट माणूस नाही तो. पुढच्या वर्षी निवृत्त होणार, मुलीचं शिक्षण चालू आहे, या योजनेवर चार वर्षं घासलीत त्यांनी. मी उठले तर हळूच म्हणाले, "पाहणीच्या दिवशी तुम्ही फार बोलू नका."

२७ नोव्हेंबर, बुधवार

आज पाहणी झाली. मी तोंडावर पडले, आणि मला पाडलं ज्यांच्यासाठी बोलायला गेले त्यांनी.

वरच्या खात्यातल्या मोठ्या मॅडम आल्या होत्या. साध्या, शांत, कुठेही बूट काढून आत जाणाऱ्या. मला त्या आवडल्या आणि त्याने धीर आला. थोरलीच्या ओसरीवर सगळ्या जमलेल्या. साहेब आकडे वाचत होते. मी मध्येच उभी राहिले आणि म्हणाले, "मॅडम, या चुलीवर इथे कुणी जेवण शिजवत नाही. मोठं पातेलं बसत नाही तिच्यावर. या बाया रोज नुसतं पाणी तापवतात. माझी नोकरी राहावी म्हणून."

मग रेडिओ उठली.

"अगं बाई, काहीतरीच काय! ताईंना मेलं आपलं कौतुक करूनच घ्यायचं नाही. मॅडम, तुम्ही आत या, आत्ता दाखवते!"

आणि दाखवलं की! नव्या चुलीभोवती लहान-लहान भांडी मांडलेली, सातआठ तरी, सगळ्यांत काही ना काही शिजवून झाकून ठेवलेलं. पहाटेपासून बसली असणार. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. थोरलीने माझ्या कपाळाला हात लावून मॅडमना सांगितलं, "अंग गरम आहे पोरीचं. चार दिवस झाले, ऐकत नाही, कामाला येते."

मी म्हणाले, "मला ताप नाही!" ते मी ओरडून म्हणाले, त्यामुळे ताप असल्यासारखंच वाटलं असणार.

शेवटी धाकटी. प्लास्टरचा हात छातीशी धरून मॅडमपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "या चुलीमुळे माझा खोकला गेला." एवढं बोलली आणि तिला ढास लागली. ती ढास तिने हसण्यात बदलली. बाकीच्याही हसायला लागल्या, मॅडमही हसल्या. मला नाही हसता आलं.

गाडीत बसताना मॅडम साहेबांना म्हणाल्या, "आपल्याच कामाकडे इतक्या कठोरपणे बघणारी माणसं कमी मिळतात. सांभाळा हिला."

२ डिसेंबर, सोमवार

ऑर्डर आली. कायम. योजना मंजूर, डब्या आणखी तीन वर्षं चालू राहणार.

आईने कागद दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. शेजारच्या बाईला बोलावून दाखवला. रात्री माझ्या डोक्याला तेल लावत म्हणाली, "आता मी सुखाने मरायला मोकळी." म्हटलं, आई, असं बोलू नकोस. ती म्हणाली, "अगं, आनंदाने म्हणतेय." तिला काही सांगितलं नाही. तेल लावून घेतलं.

४ डिसेंबर, बुधवार

बातमी वस्तीत माझ्याआधी पोहोचली होती. ओसरीवर पाय ठेवला तशी रेडिओने मला उचलूनच घेतलं. थोरलीचे डोळे भरले. कुणी हात धरतंय, कुणी गालावरून हात फिरवतंय. इतकं माझं कौतुक माझ्या घरी कधी झालेलं नाही.

गलका ओसरला तेव्हा धाकटीने विचारलं, "ताई, झाली ना कायम? मग आता पेटवायला नको ना?"

मी म्हटलं, "डब्या तीन वर्षं राहणार आहेत."

"तीन वर्षं," ती म्हणाली. बस, एवढंच.

कुणी कुरकुर केली नाही. तेच वाईट. थोरलीने पदर खोचला आणि लगेच वाटण्या सुरू केल्या: एवढ्या घरांनी सकाळी पेटवायचं, एवढ्यांनी संध्याकाळी, सरपण आणायच्या पाळ्या, ढलप्या एकीने फोडायच्या आणि सगळ्यांत वाटायच्या, धाकटीची पाळी हात बरा होईपर्यंत रेडिओ घेणार. लोकसहभाग, स्थानिक समिती, श्रमविभागणी, आमच्या पुस्तिकेत जे जे लिहिलंय आणि कधी कुठे झालेलं पाहिलं नाही ते माझ्यासमोर चहा निवायच्या आत झालं. पाणी तापवण्यासाठी.

मी म्हणाले, "नाही. आजपासून कुणीही पेटवायचं नाही. मी ऑर्डर परत करते."

थोरली इतकी चिडेल असं वाटलं नव्हतं. "परत करते? हिचा हात मोडला तो काय गंमत म्हणून? तीन महिने पोरी डोंगर चढल्या, तू म्हणतेस परत करते? आम्ही केलं ते नको झालं होय तुला?" तिने खोचलेला पदर सोडला आणि पुन्हा खोचला. "आणि त्या म्हातारीला खायला काय घालशील, खरेपणा?"

आईचा चेहरा आठवला. खाली बसले. मग जे होतं ते सांगितलं: वीस हजार घरं, जुनी चूल फोडायची अट, सगळं. तिकडच्या प्रत्येक ओसरीवर माझ्यासारखी एक बाई पाठवणार आहेत, हेही सांगितलं.

धाकटी ऐकत होती. म्हणाली, "तिकडे जाईल ती पण कंत्राटावरच असेल?"

"हो."

"चांगली असेल?"

"असेल बहुतेक."

"मग तिकडच्याही बाया पाणी तापवतील," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

आम्ही मागोमाग गेलो तर ती चुलीपुढे बसून डाव्या हाताने, कोयत्याच्या टोकाने डबीचा स्क्रू फिरवत होती. टोक निसटत होतं. थोरली तिच्याकडे बघत उभी राहिली. मग कण्हत खाली बसली आणि तिच्या हातातला कोयता काढून घेतला. "सोड. तुझ्याने नाही व्हायचं."

अंधार पडेपर्यंत सगळ्या घरच्या डब्या काढून झाल्या. काही मी काढल्या, काही त्यांनी. दोन घरी भांडण झालं, एका घरी रडारड. रेडिओने स्वतःच्या चुलीची डबी पिशवीत टाकण्याआधी तिला दोन शिव्या घातल्या. पिशवी आता माझ्या खाटेखाली आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आत पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं. "कुणी काढल्या?" म्हटलं, मी. "परवापर्यंत परत बसवा. मी काही पाहिलेलं नाही." म्हटलं, नाही बसवणार. आणि मोठ्या मॅडमना लिहिलेलं पत्र समोर ठेवलं. म्हटलं, तुमच्या सहीने गेलं तर बरं, नाहीतर माझ्या एकटीच्या सहीने टाकते.

त्यांनी पत्र वाचलं. पुन्हा टोपणाशी खेळ. मग एकदम विचारलं, "अकरा माणसांचं पातेलं म्हणजे केवढं असतं हो?" मी दोन्ही हात पसरून दाखवलं. चार वर्षं चुलीवर काम करून त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं. मीही पहिले दोन महिने पाहिलं नव्हतंच. "एवढं?" ते म्हणाले. सही केली नाही. पत्र फाडलंही नाही. म्हणाले, "वरून काही कळेपर्यंत तुम्ही येऊ नका. ऑर्डर थांबवावी लागेल."

आईला सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही.

८ डिसेंबर, रविवार

पत्र मी काल माझ्या सहीने टाकलं. आईने आज तोंड उघडलं. म्हणाली, "त्या मुलीचा हात कसा आहे?" म्हटलं, प्लास्टर निघायचंय अजून. मग दिवसभर काही नाही. पण जेवली.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी साडी नेसत होते तर आई दारात उभी राहिली. "आता कुठे? नोकरी नाही तुला."

"मीटिंग आहे."

"कसली?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

वाटेत बस बंद पडली. अर्धा रस्ता चालत गेले आणि चालताना मनाची तयारी करत होते की ओसरी रिकामी असणार. योजना नाही, ऑफिस नाही, मग कुठली सासू भर दुपारी सुनेला नुसतं बसायला सोडणार?

ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतल्या झाडून सगळ्या.

रेडिओने माझ्या कानाला लागून सांगितलं. तिने घरोघरी जाऊन सासवांना धडकी भरवून ठेवली होती की डब्या गायब झाल्यात, ऑफिसची चौकशी लागलीय, एकेका सुनेची जबानी होणार, दर बुधवारी, पुरं वर्षभर तरी. गैरहजर राहिली की संशय येणार. "माझी सासू तर म्हणाली, लवकर जा बाई, पुढे बस," रेडिओ म्हणाली.

मला हसू आवरेना. ही बाई माझ्यासाठी खोटं बोलली ते मी मोडायला गेले होते. हे मोडायला जाणार नाही.

"उशीर केलास," थोरली म्हणाली. आठवड्याभराचा राग अजून चेहऱ्यावर होता. "आज काय शिकवणार?"

"काही नाही."

"मग बस," ती म्हणाली, आणि सरकून जागा केली.